लमाणाच्या तांड्यापासून मालमोटारीपर्यंत

श्रोतेहो, सुगी आटोपली की आपल्या गावातून माल बाहेर पडतो. कांदा जातो, गूळ जातो, कापूस जातो. आणि त्या मालाबरोबर दरसाल एखाददुसरा पोरगाही गावाबाहेर पडतो. घरची जमीन थोडी आणि खाणारी तोंडं जास्त, मग तो ओळखीच्या ड्रायव्हरचा हात धरून मालमोटारीवर चढतो. आई भाकरी बांधून देते, बाप "जपून रे बाबा" म्हणतो, आणि गाडी सडकेला लागते. आपल्याला वाटतं, पोरगा यंत्राच्या नव्या धंद्यात शिरला. पण लांब पल्ल्याची मालवाहतूक हा आपल्या मुलखातला फार जुना व्यवसाय आहे. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे त्या पोराच्या वाट्याला काय आलं आहे, आणि त्याला काय मिळायला हवं, हे दोन्ही ध्यानात येतं.

सडका नव्हत्या त्या काळी माल कोण नेत असे? लमाण आणि वंजारी यांचे तांडे. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांनी गोण्या टाकायच्या आणि हाकायचं. कोकणातून मीठ वर यायचं, देशावरून धान्य खाली जायचं. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी हिंदुस्थानात हिंडला. त्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. समोरून असा तांडा आला, की वाट मोकळी होईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावं लागे म्हणतात! सैन्यांनाही तांड्यांशिवाय गत नव्हती. १८०३ साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली मराठ्यांवर चालून आला, तेव्हा त्याच्या फौजेच्या धान्याचा मोठा भार या लमाणांच्या बैलांवरच होता.

तांड्याचा एक नायक असे. मुक्काम कुठं करायचा, पाणी कुठं मिळेल, कुठल्या नाक्यावर किती जकात द्यायची, हे सारं त्याच्या डोक्यात. पोरं बैलांमागून चालत चालतच धंदा शिकायची. इथं एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बैल दिवसाकाठी चार-पाच कोस चालायचा आणि मग थांबायचा. त्याला चारा हवा, पाणी हवं, रवंथ करायला निवांतपणा हवा. बैल थांबला की माणूसही थांबे. वाहतूकदाराच्या विश्रांतीसाठी त्या काळी कायदा लागला नाही, कारण ते काम बैलच करत होता. हा मुद्दा पुढं पुन्हा येणार आहे.

माल पोचवण्याचा ठेका घेणाऱ्याला आपल्याकडे हुंडेकरी म्हणत. ठरलेल्या एका रकमेत मालाचं भाडंही आलं आणि वाटेवरच्या जकातीही आल्या, असा करार, म्हणजे हुंडाभाडं. मोटारी आल्या तरी शब्द टिकला. आपल्या जिल्ह्याच्या गावी ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कचेरीत बसणाऱ्याला जुनी माणसं हुंडेकरीच म्हणतात. वाहन बदललं तरी शब्द बदलला नाही. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना हा शब्द जरूर सांगावा. एका शब्दात केवढा इतिहास मावतो हे त्यांना कळेल.

या तांड्यांना पहिला धक्का घाटरस्त्यांनी दिला. १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता खुला झाला. म्हणजे कोकण आणि देश यांच्यामध्ये बैलगाडी थेट चालू लागली. याच घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगरानं इंग्रजांना डोंगरातली वाट दाखवली, अशी कथा लोक सांगतात. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. पण जुन्या रस्त्यानं जाणारे कितीतरी ड्रायव्हर तिथं हात जोडून पुढं जातात, हे मात्र खरं.

दुसरा आणि मोठा धक्का आगगाडीचा. १८५३ साली मुंबई ते ठाणे गाडी धावली, १८६३ साली बोरघाट ओलांडून लोहमार्ग पुरा झाला, आणि १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली. जो कापूस महिनोन्महिने बैलांच्या पाठीवर असायचा, तो आता थोड्या दिवसांत मुंबईच्या बंदरात येऊ लागला. तांड्यांचा धंदा बसला. नुसता धंदा बसला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण पिढ्यान्‌पिढ्या वाटेवर राहणाऱ्या या लोकांकडे नवं सरकार संशयानं पाहू लागलं. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि पुढं काही प्रांतांत लमाणांनाही त्याच्या कक्षेत ओढलं गेलं. ज्यांनी देशाला मीठ पुरवलं, त्यांना पोलीस चौकीवर हजेरी द्यायची पाळी आली! हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावं लागलं.

आता मोटारीकडे वळू. मोटारींसाठी अखिल हिंदुस्थानचा पहिला कायदा १९१४ सालचा. त्यानंतर १९३९ साली दुसरा, अधिक सविस्तर कायदा झाला. तोवर मोटार आगगाडीशी स्पर्धा करू लागली होती. रेल्वेचं उत्पन्न घटेल ही सरकारला धास्ती. म्हणून मालमोटारीला कोणत्या भागात फिरायचं त्याचा परवाना घ्यावा लागे, आणि परवाने हात राखून दिले जात. तरीही दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या मोटारी विक्रीला निघाल्या आणि पुष्कळांनी त्या घेऊन मालवाहतूक सुरू केली. १९४७ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले.

रस्त्यांचा विचारही याच सुमारास पक्का झाला, आणि तोही आपल्या नागपुरात. १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते तिथं जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्तेयोजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही जी वर्गवारी आपण भूगोलात शिकवतो, ती या नागपूर योजनेतली.

यानंतर एक महत्त्वाचा फाटा फुटला. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस.टी. धावली. उतारूंची वाहतूक सरकारी झाली. तिथं ड्रायव्हरला गणवेश मिळाला, कामाचे तास ठरले, पगार ठरला, निवृत्तीची सोय झाली. मालाची वाहतूक मात्र खासगीच राहिली. कुणाचा एक ट्रक, कुणाचे दोन. सडक तीच, पण एस.टी.चा चालक सरकारी चाकरमान्या झाला आणि ट्रकचा चालक एकट्या मालकाचा माणूस राहिला.

या खासगी गाडीवर नवा माणूस तयार कसा होई? शाळा नव्हती. होता तो उस्ताद. पोरगा आधी क्लीनर म्हणून लागायचा. खेड्यात त्याला किन्नर म्हणतात. पहाटे उठून काच पुसायची, पाणी आणि ऑइल बघायचं, लोखंडी टॉमीनं टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची. माल भरला की ताडपत्री ओढून दोर आवळायचा. चढावर गाडी थांबली तर चटकन उतरून चाकामागे लाकडी ठोकळा नाहीतर दगड लावायचा. घाटातल्या बैलगाडीवरचा पोरगासुद्धा हेच करायचा, बरं का! दोन-तीन वर्षं अशी गेली, की एखाद्या रात्री, सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीचं चाक उस्ताद त्याच्या हाती देई. ती त्याची पहिली परीक्षा.

या विद्येत पुष्कळ शहाणपण होतं. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा उस्तादांचा पहिला धडा. का? भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक चाक धरत नाही. गाडी खालच्या गिअरमध्ये असली म्हणजे इंजिनच तिला मागे ओढून धरतं. डिझेल वाचवायला उतारावर गाडी गिअरमधून काढणारा चार पैसे वाचवतो आणि जीव गहाण टाकतो. दुसरा धडा असा, की अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. पुढं कायद्याच्या नियमांतही हेच आलं.

पण या पद्धतीत एक उणीव होती. पोरगा उस्तादाचं चांगलं शिकायचा, तसं वाईटही शिकायचा. उस्ताद रात्र-रात्र जागून गाडी हाकत असेल, तर शागिर्दाला वाटे, हीच मर्दुमकी. इथं मघाचा बैल आठवा. बैल थकायचा, इंजिन थकत नाही. डिझेल घाला, ते पुन्हा चालायला तयार. म्हणजे माणसाला थांबवणारं वाटेवर कुणी उरलंच नाही. व्यापारी म्हणतो माल उद्या हवा, मालक म्हणतो खेप वाढव, आणि चालकाला प्रत्येक खेपेमागे पैसे मिळत असतील तर तोही स्वतःला थांबवत नाही.

बैलाची ही जागा भरून काढायला कायदा आला, तो १९६१ सालचा मोटार वाहतूक कामगार कायदा. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन फार तर दहा तास आणि आठवड्याचे चोपन्न. सलग पाच तास काम झालं की निदान अर्ध्या तासाची विश्रांती. कायदा चांगला होता. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना. एका ट्रकचा मालक, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर, असा जो बहुसंख्य संसार सडकेवर चालला होता, तो बाहेरच राहिला. पुढं २०२० साली संसदेनं संमत केलेल्या श्रमसंहितेत हा कायदा समाविष्ट करण्यात आला.

शिकण्याची वाटही हळूहळू बदलली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं मालमोटार चालवण्यासाठी वयाची वीस वर्षं पुरी हवीत असं ठरवलं, आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर जवळ असल्याखेरीज अवजड गाडीचा शिकाऊ परवाना द्यायचा नाही असंही ठरवलं. पेट्रोल-गॅससारखा धोक्याचा माल न्यायचा तर वेगळं प्रशिक्षण लागतं. २००७ पासून आठवी पास असण्याची अट होती. २०१९ साली ती काढली. अट गेली म्हणून अक्षराची गरज गेली, असं मात्र कुणी समजू नये. बिल्टीवर काय लिहिलं आहे, वजन किती दाखवलं आहे, आपण सही कशावर करतो आहोत, हे वाचता येणाऱ्याला फसवणं अवघड असतं.

वाटही बदलली. १९७५ च्या राष्ट्रीय परवान्यानं राज्याराज्यांच्या हद्दी ओलांडणं सोपं झालं. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात बंद झाली. नाक्यावरच्या त्या लांबलचक रांगा संपल्या. पण गंमत पाहा. त्या रांगेत गाडी उभी असे तेव्हा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून डुलकी काढी. रांग गेली, ती डुलकीही गेली. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत असा नियम होता, तोही २०१८ साली काढण्यात आला. दुसऱ्या बाजूनं, २०२५ साली नव्यानं तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं. वैशाखाच्या उन्हात इंजिनाशेजारी बसणाऱ्याला ही गोष्ट लहान वाटणार नाही.

जानेवारी २०२४ च्या आरंभी अपघातासंबंधीच्या नव्या कलमातील शिक्षेविरुद्ध ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, आणि दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. एरवी ज्यांच्याकडे आपण वळूनही पाहत नाही, त्यांच्यावाचून आपलं किती अडतं, हे तेव्हा शहरालाही कळलं. तांड्यांच्या काळीही असंच होतं. माल हवा असे, पण माल आणणारा गावाच्या बाहेर उतरलेला बरा वाटे.

म्हणून श्रोतेहो, आपल्या गावचा पोरगा मालमोटारीवर निघाला, तर त्याला भाकरीबरोबर चार गोष्टीही बांधून द्या. परवाना रीतसर शाळेत शिकून काढ. डोळे तपासून घे. कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस. आणि झोप आली की गाडी बाजूला सुरक्षित जागी उभी कर. त्याबद्दल मालक बोलला तर बोलू दे. शिक्षकांनी वर्गात नकाशा उघडून आपल्या गावचा माल कुठकुठं जातो ते मुलांकडून शोधून घ्यावं, आणि तो नेणाऱ्या माणसाला एकदा शाळेत बोलवावं. तांड्याचा नायक दिवस मावळला की बैलांच्या पाठीवरची गोणी उतरवायचा. आज ती गोणी वेळेवर उतरवायला सांगणारं माणूस घरी, शाळेत आणि कचेरीत असायला हवं.