ब्रेबेन, डेव्हिड

ब्रेबेन, डेव्हिड : (२ जानेवारी १९६४ – ). ब्रिटिश संगणकखेळ-निर्माते व उद्योजक. ‘एलीट’ या अंतराळखेळाचे सहकर्ते आणि ‘फ्रंटियर डेव्हलपमेंट्स’ या कंपनीचे संस्थापक. जन्म नॉटिंगहॅम (इंग्लंड) येथे. एकॉर्न ॲटम या घरगुती संगणकावर त्यांनी प्रोग्राम लिहिण्यास सुरुवात केली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गणिताचे विद्यार्थी इयान बेल यांच्याशी गाठ पडली व दोघांनी मिळून एलीट तयार केला.

एलीटमध्ये खेळाडू लहानशा यानातून ग्रहोग्रही व्यापार करतो, चाच्यांशी लढतो आणि कमाईतून यानाची सामग्री वाढवतो. त्या वेळच्या खेळांत गुण, तीन ‘जीव’ आणि दहाएक मिनिटांत आटोपणारा डाव असा रिवाज होता; त्यात न बसणारा हा खेळ थॉर्न ईएमआयने नाकारला. एकॉर्नसॉफ्टने तो सप्टेंबर १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोसाठी बाजारात आणला. या संगणकाची स्मृती जेमतेम ३२ किलोबाइट. तीत ८ दीर्घिका आणि प्रत्येकीतील २५६ ग्रह मावणे शक्यच नव्हते. म्हणून ग्रहांची माहिती साठवलीच नाही, ती लागेल तेव्हा गणिताने काढली. तीन संख्यांची बेरीज करायची, सर्वांत जुनी संख्या टाकून तिच्या जागी ही बेरीज घ्यायची आणि तेच पुन्हा करत जायचे, अशी ही रीत होती. मिळालेल्या संख्यांवरून ग्रहाचे स्थान, राज्यपद्धती व अर्थव्यवस्था ठरे. रोमन अक्षरांच्या जोड्या जुळवून त्याचे नावही तयार होई. आरंभीच्या संख्या त्याच असल्याने तेच ग्रह दर वेळी त्याच क्रमाने हजर होत.

बीबीसी मायक्रोखेरीज इतर संगणकांसाठीचे हक्क दोघांनी स्वतःकडे राखले होते. ते ब्रिटिश टेलिकॉमच्या फायरबर्ड या प्रकाशनाने घेतले आणि खेळ कमोडोर ६४, स्पेक्ट्रम इत्यादींवर पोहोचला. ब्रेबेन यांनी पुढे एकॉर्न आर्किमिडीजसाठी ‘झार्क’ (१९८७) हा त्रिमितीय खेळ व ‘फ्रंटियर : एलीट २’ (१९९३) लिहिले. १९९४ मध्ये त्यांनी फ्रंटियर डेव्हलपमेंट्स स्थापन केली. ‘फर्स्ट एन्काउंटर्स’ (१९९५) मात्र दोषांसह विक्रीस आला आणि प्रकाशकाशी न्यायालयीन वाद झाला. ‘रोलरकोस्टर टायकून ३’ (२००४) या यशस्वी खेळाची निर्मिती कंपनीने केली.

२०१२ च्या अखेरीस ‘एलीट : डेंजरस’साठी त्यांनी किकस्टार्टरवरून थेट चाहत्यांकडून निधी मागितला, साडेबारा लाख पौंडांचे लक्ष्य असताना पंधरा लाखांवर रक्कम जमली. डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या खेळात आकाशगंगेचे पूर्ण आकारमानाचे प्रतिरूप असून त्यात सुमारे ४०० अब्ज तारकासंस्था आहेत. त्यांपैकी बहुतेक गणितानेच निर्माण होतात. मधल्या काळात, २०१३ मध्ये, कंपनीचे समभाग लंडनच्या एआयएम बाजारात नोंदले गेले. २०२२ मध्ये ब्रेबेन मुख्य कार्यकारी अधिकारीपदावरून दूर झाले.

मुलांना संगणक नुसता वापरता न येता प्रोग्रामही लिहिता यावेत, या हेतूने स्थापन झालेल्या रास्पबेरी पाय फाउंडेशनचे ते एक संस्थापक-विश्वस्त होत. संस्थेचा अल्पमोली संगणक २०१२ मध्ये विक्रीस आला. ब्रेबेन यांना ओबीई (२०१४) व बाफ्टा फेलोशिप (२०१५) हे सन्मान लाभले.