पश्चिम किंग्स्टन : एका मतदारसंघाची कथा

मताधिकाराचा इतिहास लिहितांना आपल्याकडील लेखक बहुधा वेस्टमिन्स्टरपासून आरंभ करतात. आम्ही आज वाचकांस जमेका बेटावर, किंग्स्टन शहराच्या पश्चिम भागांत घेऊन जाणार आहोंत. प्रौढ मतदानाचें भलेंबुरें रूप या एका मतदारसंघांत जितकें स्पष्ट दिसतें, तितकें तें मोठ्या देशांच्या इतिहासांतही एके ठिकाणीं क्वचितच सांपडेल.

१४ डिसेंबर १९४४ रोजीं जमेकांतील स्त्रीपुरुष सर्व प्रौढांनीं प्रथमच मतें दिलीं. (हिंदुस्थानांत १९४६ सालच्या प्रांतिक निवडणुकाही मिळकत, शिक्षण इत्यादि अटींवरच झाल्या, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.) पश्चिम किंग्स्टनची जागा अलेक्झांडर बुस्टामांटे या कामगार पुढाऱ्यानें जिंकली व त्याच्या जमेका लेबर पार्टीस ३२ पैकीं २२ जागा मिळाल्या. त्याचा नातलग व प्रतिस्पर्धी नॉर्मन मॅन्ली, ऑक्सफर्डचा विद्वान बॅरिस्टर, स्वतःच्या मतदारसंघांत पडला! १९४९ मध्यें बुस्टामांटे क्लॅरेंडन परगण्यांत उभा राहिला आणि पश्चिम किंग्स्टन मॅन्लीच्या पीपल्स नॅशनल पार्टीच्या केन हिलकडे गेलें. तीनच वर्षांनीं त्या पक्षानें हिलला साम्यवादाच्या आरोपावरून काढून टाकलें. १९५५ त लेबर पार्टीचा ह्यू शिअरर निवडून आला. १९५९ त तो पडला. थोडक्यांत, पहिलीं पंधरा वर्षें मतदार मन बदलीत होता, आणि म्हणूनच त्याची विनवणी करावी लागत होती.

१९६२ सालीं, बेट स्वतंत्र होण्यापूर्वीं कांहीं महिने, येथें एडवर्ड सिआगा निवडून आला. हा बॉस्टनमध्यें जन्मलेला, हार्वर्डचा पदवीधर. गरीब वस्त्यांतील भजनी पंथांचा त्यानें अभ्यास केला होता, लोकगीतें ध्वनिमुद्रित केलीं होतीं, ग्रामोफोन रेकॉर्डांचा धंदाही केला होता. मतदारसंघ इतका जवळून जाणणारा उमेदवार विरळा. मंत्री झाल्यावर त्यानें ‘बॅक-ओ-वॉल’ नांवाची दरिद्री झोपडपट्टी बुलडोझर लावून पाडली व तिच्या जागीं टिव्होली गार्डन्स ही नवी वसाहत उभारली. घरें चांगलीं होतीं, हें विरोधकांसही नाकारतां येणार नाहीं. पण तीं मिळालीं मुख्यतः पक्षाच्या लोकांना. ज्यांच्या झोपड्या मोडल्या, त्यांपैकीं पुष्कळांस दुसरीकडे वाट शोधावी लागली. पुढें दुसऱ्या पक्षानेंही आर्नेट गार्डन्समध्यें हाच धडा गिरविला.

घर पक्षाचें, काम पक्षाचें, आणि रस्त्याच्या तोंडाशीं पहारा पक्षाच्या बंदूकधाऱ्यांचा. मग गुप्त मतदान काय कामाचें? कार्ल स्टोन या राज्यशास्त्रज्ञानें अशा मतदारसंघांना ‘गॅरिसन’, म्हणजे लष्करी ठाणें, म्हटलें. आमच्या मतें यापेक्षां समर्पक नांव सांपडणें कठीण. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षीं सुमारें ८०० माणसें मारलीं गेलीं. त्या निवडणुकीनें सिआगा पंतप्रधान झाला. १९८९ त सत्ता गेली, पण पश्चिम किंग्स्टन गेलें नाहीं. १९६२ पासून २००५ पर्यंत, त्रेचाळीस वर्षें, तें त्याचेंच राहिलें.

त्याच्यामागून आला ब्रूस गोल्डिंग. यानें १९९५ सालीं नवा पक्ष काढून गॅरिसन राजकारणावरच कडाडून टीका केली होती. २००२ त तो स्वगृहीं परतला आणि २००५ च्या पोटनिवडणुकींत नेमक्या याच ठाण्याचा प्रतिनिधि झाला. २००७ त पंतप्रधान. ठाण्याचा खरा धनी मात्र निराळा होता. क्रिस्टोफर कोक या टिव्होलीच्या दादाला स्वाधीन करण्याची मागणी अमेरिकेनें ऑगस्ट २००९ मध्यें केली. सरकारनें कित्येक महिने टाळाटाळ केली आणि अखेर मे २०१० मध्यें सैन्य व पोलीस टिव्होलींत घुसविले. सत्तरच्या आसपास माणसें मेलीं. कोक त्या दिवशीं हातीं लागला नाहीं, जूनमध्यें पकडला गेला. ऑक्टोबर २०११ मध्यें गोल्डिंगनें पंतप्रधानपद सोडलें.

त्याच डिसेंबरांत निवडणूक झाली. देशभर लेबर पार्टीचा पराभव झाला. पश्चिम किंग्स्टनमध्यें तिचाच उमेदवार डेस्मंड मकेंझी निवडून आला.