हँडलवरचा वाटाड्या
(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

२१ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याजवळच्या बदनापुरात दोन इंग्रज सेनाधिकारी भेटले. एक होता मेजर जनरल आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली ज्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. दुसरा कर्नल स्टीव्हन्सन. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजा भोकरदनला आहेत, अशी हरकाऱ्यांची खबर होती. दोन्ही सैन्ये एकाच वाटेने एका दिवसात डोंगरापलीकडे निघणे शक्य नव्हते. म्हणून ठरले असे की, वेलस्लीने डोंगराला पूर्वेकडून वळसा घालायचा, स्टीव्हन्सनने पश्चिमेकडून, आणि २४ तारखेला दोघांनी मिळून हल्ला करायचा. २२ तारखेला सैन्ये निघाली.

दुसऱ्याच दिवशी घोटाळा लक्षात आला. मराठ्यांची छावणी कोसभर नव्हे, कित्येक मैल पसरलेली होती. तिचे उजवे टोक भोकरदनला होते, पण ज्या पायदळावर वेलस्ली चालून जाणार होता ते डाव्या टोकाला, असईपाशी होते. वेलस्लीने नंतर एका पत्रात याचा खुलासा केला आहे. भोकरदन हे मोठे ठिकाण आणि त्याचेच नाव भोवतालच्या मुलखालाही. हरकारे मुलखाचे नाव सांगत होते, साहेब गावाचे नाव ऐकत होते. स्टीव्हन्सन डोंगरापलीकडे अडकलेला, आणि शत्रू एक दिवस आधीच समोर उभा!

ही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट मोटारसायकलच्या हँडलवर जीपीएस बसवण्याच्या विषयात कशाला, असे आपल्याला वाटेल. पण हे यंत्र घेताना लोक पडदा किती इंचांचा, किंमत किती, एवढेच विचारतात. ते नेमके कशाचे उत्तर देते आणि कशाचे देत नाही, हे बदनापूर-असईच्या वाटेवर जितके स्पष्ट दिसते तितके दुकानात दिसत नाही.

‘मी कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर यंत्र चोख देते. पण तेही आपोआप मिळालेले नाही. वेलस्लीच्याच ३३व्या पलटणीतला विल्यम लॅम्ब्टन नावाचा अधिकारी १८०२ साली मद्रासजवळ जमीन मोजायला बसला होता. त्रिकोणामागून त्रिकोण मांडत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. हिंदुस्थानचा अचूक नकाशा त्या मोजणीतून उभा राहिला. जे काम करायला त्याला हयात पुरली नाही, ते आज सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह क्षणात करतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोचायला लागलेला वेळ मोजून यंत्र आपली जागा काढते.

अमेरिकेने या मालेतला पहिला उपग्रह १९७८ साली सोडला तो लष्करासाठी. १९८३ साली वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले, आणि त्यानंतर ही सोय सर्वांना खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. तरी नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक घातलेली असे. मे २००० मध्ये ती काढून टाकली. त्याआधी शंभर मीटरपर्यंतची चूक गृहीत धरावी लागे. म्हणजे आपण डांबरी रस्त्यावर आहोत की शेजारच्या गाडीवाटेवर, हेच कळायचे नाही. मोटारसायकलस्वारासाठी खरा इतिहास तिथून पुढे सुरू होतो. २००६ साली गार्मिन कंपनीने ‘झुमो ५५०’ हे खास दुचाकीसाठीचे यंत्र आणले. पाण्याला न डगमगणारे, हातमोजे घालून चालवता येणारे. किंमत मात्र आपल्याकडच्या स्वाराला पेलवणारी नव्हती. आता बहुतेकांचे काम मोबाइलवरच भागते. आपल्या ‘इस्रो’नेही २०१६ पर्यंत सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही स्वतःची प्रणाली मांडली. घेताना मोबाइल तिचे संदेश घेतो का, हे विचारायला हरकत नाही.

नावांचा प्रश्न मात्र १८०३ साली होता तसाच आहे. बदनापूर टंकताना एक अक्षर चुकले की यंत्र आपल्याला निमूटपणे ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूरला न्यायला निघते! महाराष्ट्रात पिंपळगावे तर किती, याची गणती नको. भोकरदन म्हटले की गाव की तालुका, हे यंत्र विचारत नाही. आपणच जिल्हा-तालुका पाहून, नकाशावर बोट ठेवून खात्री करायची. वेलस्लीला ही खात्री करायला सवड मिळाली नाही.

वाट आपल्यासाठी आहे का, हे तर वेगळेच प्रकरण. नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि तो बदनापूर तालुक्यातून जातो. त्याच्यावर दुचाकीला बंदी आहे. यंत्रात ‘मोटार’ निवडलेली असेल तर ते आपल्याला थेट त्याच्या नाक्यावर नेऊन उभे करील. गुगलच्या नकाशात डिसेंबर २०१७ पासून दुचाकीसाठी वेगळा पर्याय आहे, आणि तो पहिल्यांदा आला तो भारतातच. निघण्यापूर्वी तो निवडायला विसरू नये.

आता बसवण्याविषयी. हँडलला यंत्राची पकड आवळताना प्रश्न ती निसटेल का एवढाच नसतो. इंजिनाची बारीक थरथर पकडीतून यंत्रात उतरते. मोठ्या मोटारसायकलींच्या थरथरीने मोबाइलच्या कॅमेऱ्यात बिघाड होऊ शकतो, असा इशारा ॲपल कंपनीनेच २०२१ साली दिला. म्हणून पकडीत रबराचा हादरे शोषणारा भाग असावा. त्यात काटकसर करू नये. महागडा मोबाइल लावण्यापेक्षा घरातला जुना मोबाइल, नकाशे आधीच उतरवून घेऊन, हँडलला लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मराठवाड्याच्या उन्हात काळा मोबाइल इतका तापतो की आपणहून बंद पडतो, हेही एक कारण आहेच.

वीज घ्यावी ती किल्ली फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या तारेवरून, मध्ये फ्यूज घालून. थेट बॅटरीला जोडले आणि काढायचे राहिले, तर सकाळी किका मारत बसावे लागते. तारा बांधल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. तार ताणली गेली किंवा क्लचच्या केबलला अडकली, तर ती वळणावर दगा देणार. पडदा वेगाच्या काट्याजवळ, पण त्याला न झाकता बसवावा. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. पडद्याकडे दोन सेकंद पाहिले तर तेवढ्यात तेहेतीस मीटर रस्ता आपण न बघता कापलेला असतो, आणि तेवढ्या अंतरात बैलगाडी, कुत्रे, खड्डा काहीही येऊ शकते. मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या दुरुस्तीने हातातले उपकरण वाट पाहण्यापुरते वापरायला मुभा दिली, तीही लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. यंत्राचा पत्ता बदलायचा तर गाडी कडेला घेऊनच.

पुन्हा केळणेच्या काठावर येऊ. समोर मराठ्यांच्या तोफा आणि मध्ये नदी. वाटाड्यांनी सांगितले की इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तर नदीच्या दोन काठांवर, अगदी समोरासमोर, दोन गावे दिसली. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी आहेत. इतक्या जवळची दोन गावे एकमेकांकडे जाण्यायेण्याची सोय असल्याशिवाय वसणार नाहीत, असा त्याने तर्क केला. माणूस पाठवून पाहिले, तर उतार निघाला! पलीकडे जाऊन तो लढला. त्याच्या बाजूचे मेलेले आणि जखमी दीड हजारांच्या वर, म्हणजे लढाईत उतरलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश. मराठ्यांचे नुकसान त्याहून पुष्कळ मोठे झाले. स्टीव्हन्सन असईला पोचला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

आज पावसाळ्यात त्या बाजूला जाणाऱ्या स्वाराच्या पडद्यावर पूल निळ्या रेघेने दाखवलेला असतो. ओढ्याला पूर येऊन फरशीवर पाणी चढले, तरी रेघ निळीच राहते. तिथे गाडी थांबवून, पलीकडून कोणी येते आहे का हे पाहावे.