फर्माची सहावी संख्या

वाचकहो, कागद-पेन्सिल हाताशी असेल तर जरा पुढे ओढा. २ हा आकडा लिहून त्याचा वर्ग करा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करा, आणि असेच करीत जा. २, ४, १६, २५६, ६५,५३६ अशी ओळ मिळेल. आता प्रत्येकात एकेक मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. ह्या पाचही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, ह्यांखेरीज त्यांना निःशेष भागणारे दुसरे कोणी नाही.

आता हे असेच पुढे चालणार, असे कोणालाही वाटेल. फ्रान्समधील तुलूझच्या न्यायालयात काम करणाऱ्या पिएर द फर्मालाही १६४० साली तसेच वाटले. गणित हा त्याचा फावल्या वेळचा नाद. पण नाद केवढा दांडगा! ह्या ओळीतली प्रत्येक संख्या मूळच असणार, असे त्याने पत्रांतून कळवले. सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही तिथेच कबूल केले. न्यायाधीशानेच पुराव्यावाचून निकाल दिला म्हणायचा!

अडचण होती सहाव्या संख्येची: ४,२९,४९,६७,२९७. हिची परीक्षा सरळ मार्गाने घ्यायची तर ६५,५३६ च्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे. त्या भरतात ६,५४२. एवढे भागाकार हाताने कोण करीत बसणार?

१७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख ह्या गणितज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या ऑयलरला पत्रातून सहज विचारले, फर्माचे हे म्हणणे तुम्हांला ठाऊक आहे का? ऑयलरने आधी फारसे मनावर घेतले नाही. पण १७३२ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने उत्तर मांडले: ६४१ गुणिले ६७,००,४१७. गुणून पाहा, बरोबर तीच संख्या येते.

६४१ च कसा सापडला? ऑयलरने पुढे एका निबंधात दाखवले की, ह्या संख्येला भागणारी मूळ संख्या ६४ च्या पटीत एक मिळवूनच झालेली असली पाहिजे. मग उरतात कोण? १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. साडेसहा हजारांच्या जागी पाच भागाकार! आणि गंमत अशी, की हे ज्या नियमावर उभे आहे, तो नियम फर्माचाच. त्याच १६४० साली त्यानेच पत्रातून कळवलेला. हत्यार घरात होते. ते ह्या कामी त्याने चालवले कसे नाही, ह्याचे मला अजून नवल वाटते.

सातवी संख्या वीस अंकी. तीही पुढे फुटली. १८८० साली लांद्री नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने वयाच्या ८२ व्या वर्षी तिचा २,७४,१७७ हा विभाजक काढला. त्यानंतर यंत्रे आली, संख्या अफाट वाढल्या. पहिल्या पाचांनंतर ह्या ओळीत मूळ संख्या मात्र आजवर एकही सापडलेली नाही. आणि पुढे कुठे ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.