नोंदणीकृत दस्तातील तोंडी फेरबदल

मोहरबंद किंवा नोंदणीकृत दस्तातील अटी पक्षकारांनी नंतर तोंडी अथवा साध्या लेखाने बदलल्या, किंवा दस्तच रद्द केला, तर न्यायालय ते मान्य करते काय, हा करार व पुरावा या दोन्ही कायद्यांतील जुना प्रश्न आहे. तोंडी करारापुरते भारतातील उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे.

इंग्लंडमधील पूर्वपीठिका

कॉमन लॉनुसार मोहरबंद दस्त मोहरबंद दस्तानेच संपुष्टात येई. ऋणकोने कर्ज फेडूनही रोखा रद्द करून घेतला नाही वा मोहरबंद पावती घेतली नाही, तर त्याच रोख्यावर त्याच्याकडून दुसऱ्यांदा वसुली होऊ शके. चॅन्सरी न्यायालय अशा ऋणकोला दिलासा देई. १८७३ च्या ज्युडिकेचर अधिनियमाने विरोधाच्या प्रसंगी समन्यायाचे नियम वरचढ ठरवले. पुढे बेरी विरुद्ध बेरी (१९२९) या खटल्यात, पतिपत्नींनी विभक्त राहण्यासाठी केलेला मोहरबंद करार नंतरच्या मोहर नसलेल्या कराराने बदलता येतो, असे ठरले.

भारतीय कायदा

भारतीय करार अधिनियम, १८७२ या बाबतीत उदार आहे. कलम ६२ नुसार पक्षकार आपसांत करार बदलू वा रद्द करू शकतात. कलम ६३ नुसार धनको मोबदल्याशिवायही येणे सोडून देऊ शकतो. अडचण येते ती पुराव्याची. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ९२ मधील चौथ्या परंतुकानुसार, जो करार लेखी असणे कायद्याने आवश्यक आहे किंवा ज्याची नोंदणी झाली आहे, तो बदलणाऱ्या वा रद्द करणाऱ्या नंतरच्या तोंडी कराराचा पुरावा पक्षकारांना देता येत नाही. नोंदणी ऐच्छिक असली तरी फरक पडत नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९५ मध्ये आहे.

साधा लेख तोंडी नसल्याने या परंतुकात अडकत नाही. मात्र त्याने स्थावरातील नोंदणीयोग्य हक्क बदलत असेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम ४९ आड येते. म्हणून व्यवहारात पुरवणी करारनामा किंवा रद्दलेख नोंदवला जातो.

येणे रकमेपेक्षा कमी घेऊन नोंदणीकृत गहाण फिटल्याचे मानण्याचा तोंडी करार पुराव्यात घेता येत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९१८ मध्ये ठरवले. पूर्ण रकमेची फेड मात्र तोंडी पुराव्यानेही सिद्ध करता येते, कारण फेड म्हणजे कराराचा बदल नव्हे, पालन होय. एस. शक्तिवेल विरुद्ध एम. वेणुगोपाल पिल्लै (२०००) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९१५ च्या नोंदणीकृत व्यवस्थापत्राविरुद्ध नंतरची तोंडी कौटुंबिक व्यवस्था अमान्य केली.

दख्खनमधील अनुभव

फेड झाली तरी कागद सावकाराकडेच राहतो, ही भीती महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. १८७५ च्या दंग्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व हुकूमनामे हिसकावून जाळले. त्यानंतरच्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम, १८७९ अन्वये, शेतकऱ्याने मागितली नाही तरी कर्जफेडीची लेखी पावती देणे धनकोवर बंधनकारक झाले. पुढे त्यात घातलेल्या कलम १०-अ ने, पुरावा अधिनियमाचे कलम ९२ बाजूला ठेवून व्यवहाराचे खरे स्वरूप तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.