कालव्यावरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण सहज म्हणून जातो. त्या बिऱ्हाडाचा पत्ता काय, हा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही. शासनसंस्थेला तो सर्वांत आधी पडतो. इंग्लंडमधील कालव्यांवर नावेतच संसार करणाऱ्या कुटुंबांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

ही मालवाहू नाव सुमारे ७० फूट लांब आणि ७ फूट रुंद असे. काठावरून घोडा तिला ओढी. मधला सारा भाग कोळशाचा वा विटांचा. मागच्या टोकाला जेमतेम दहा फुटांची खोली. तिच्यात चूल, फडताळ, दुमडता पलंग आणि अख्खे कुटुंब. पूर्वी नावाड्यांचे घर बहुधा जमिनीवर असे. १८३० नंतर रेल्वेशी स्पर्धा सुरू झाली, वाहतुकीचे दर घसरले, मजूर ठेवणे परवडेना. तेव्हा बायकामुले कामाला नावेवर आली आणि घरभाडेही वाचले. पुढे ज्याला मुक्त जलजीवन म्हणून रंगवले गेले, ते बऱ्याच अंशी गरिबीचे गणित होते.

बालपणी वीटभट्टीवर राबलेल्या जॉर्ज स्मिथ यांनी १८७५ साली ‘अवर कॅनॉल पॉप्युलेशन’ या पुस्तकात या वस्तीची दैना मांडली. तळमळ खरी, सूर मात्र उपदेशकाचा. १८७७ साली कायदा झाला. राहत्या नावेची नोंदणी आली, तीत किती माणसांनी राहावे हे ठरले, आणि शिक्षणाच्या कायद्यापुरते नाव जिथली, मूल तिथले असे मानले गेले. फिरत्या घराला कागदावर गाव मिळाले. मूल मात्र नावेबरोबर पुढच्या गावी जातच राहिले. (याच दशकात, १८७१ साली, हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. त्याची क्रूरता वेगळीच. पण फिरणाऱ्याला नोंदवहीत बांधण्याची ओढ दोन्हीकडे दिसते.)

आणखी एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला खटकावी. या जीवनावरचे गाजलेले पुस्तक, ‘नॅरो बोट’ (१९४४), एल. टी. सी. रोल्ट या अभियंत्याचे. तो स्वतः नावेवर राहिला, पण आवडीने. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला (१९८०) लाभलेला आतला आवाज बहुतांश निरक्षर राहिलेल्या या नावाड्यांना त्यांच्या काळात लाभला नाही.

१९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि आधीच खंगलेली मालवाहतूक जवळजवळ संपली. नावा उरल्या. लंडनमधली घरभाडी झेपेनाशी झाली तशी रीजंट्स कालव्यावर व ली नदीवर पुन्हा माणसे राहू लागली. काही हौसेने, अनेक नाइलाजाने. आता कायदा उलटा फिरला आहे. १९९५ च्या कायद्यानुसार, ज्याच्या नावेला कायमचा धक्का नाही त्याने सहसा चौदा दिवसांपेक्षा अधिक काळ एका जागी थांबायचे नाही. कायमचा धक्का घ्यावा, तर लंडनमध्ये त्याचे भाडे सर्वांना परवडणारे नाही. शंभर वर्षांपूर्वी हलणे संशयास्पद होते, आता थांबणे. ज्या आईबापांचे मूल शाळेत जाते, त्यांना दर पंधरवड्याला दोर सोडताना शाळा किती दूर पडेल याचा हिशेब करावा लागतो.