मंद चकतीचे निदान

संगणकाच्या गणनशक्तीचे पोवाडे पुष्कळ गायिले गेले. परंतु माहिती ठेवावयाची कोठे आणि ती परत किती लवकर हाती यावयाची, हा प्रश्न या यंत्राच्या पाठीशी जन्मापासून लागलेला आहे. त्याची साक्ष आपल्या मुंबईतच मिळते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने अवघी १० किलोबाइट होती!

फिरत्या चकत्यांवर माहिती साठविण्याची युक्ती १९५६ साली अमेरिकेत आयबीएमच्या 'रॅमॅक' यंत्राने बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे. आजची हार्ड डिस्क मुठीत मावते, पण तिचा मूळ धर्म तोच राहिला आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीवर हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ सहस्रांश सेकंद जातात. शीर्ष सरकण्याचा वेळ निराळाच. म्हणून एकच मोठी फाइल सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगाने वाचणारी डिस्क विखुरलेल्या बारीक फाइली मात्र सेकंदाला शंभराच्या आतच उचलते. हा दोष नव्हे, स्वभाव होय.

खरा दोष बहुधा वाटेवर असतो. कल्याणहून जलद गाडीने दादरला उतरलेला माणूस पुलावरच्या गर्दीत अडकला, तर गाडीच्या वेगाचा त्याला काय उपयोग? १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीच्या काळात सदोष यंत्रभागांच्या धास्तीने 'डीएमए' ही थेट वाहतूक पुष्कळदा बंद ठेवलेली असे. मग प्रत्येक शब्द मुख्य प्रक्रियकाला स्वतः वाहावा लागे. 'एचडीपार्म' या साधनाने ती वाट उघडली, की वेग कित्येक पट वाढे. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणून घरी संगणक जुळविणाऱ्यालाही हा धडा मिळे. ८० तारांच्या पट्टीऐवजी जुनी ४० तारांची पट्टी लावली, तर नव्या डिस्कचा वेग ३३ मेगाबाइटवरच अडे. आणि दोन्ही पट्ट्यांची जोडणी दिसावयास सारखीच!

आज पट्ट्या गेल्या, पूल मात्र राहिला. यूएसबी ३ ची डिस्क यूएसबी २ च्या खाचेत बसविली, तर सेकंदाला चाळीसएक मेगाबाइटच्या पुढे मजल जात नाही. कधी वेग आरंभी भरधाव दिसतो आणि मग कोसळतो. तेथे लिनक्सने माहिती आधी तात्पुरत्या स्मृतीत घेतलेली असते; पुढे दिसतो तो डिस्कचा खरा वेग. म्हणून 'काम संपले' असे दिसले तरी डिस्क रीतसर विलग केल्याखेरीज उपटू नये.

परंतु मंदपणाचे एक कारण या सर्वांहून गंभीर आहे. चकतीचा पृष्ठभाग खराब होऊ लागला, की यंत्र तोच भाग पुनःपुन्हा वाचू पाहते. गाभ्याच्या नोंदवहीत चुका उमटतात, आणि डिस्कच्या स्वतःच्या 'स्मार्ट' नोंदींत वाचता न येणाऱ्या विभागांची संख्या वाढते. अशा वेळी वेगाच्या चाचण्या घेत बसणे म्हणजे आजाऱ्याला जिने चढावयास लावणे होय. आधी प्रत काढावी, निदान मागाहून करावे. एखाद्या ग्रंथसंग्रहालयाने जुन्या मासिकांची हजारो पाने टिपून एकाच डिस्कवर ठेविली असतील, तर त्या दिवशी प्रश्न वेगाचा उरत नाही, त्या पानांच्या अस्तित्वाचा होतो.

तात्पर्य, क्रम असा धरावा: प्रथम डिस्कचे आरोग्य, मग जोडणीची वाट, मग फाइलींचे स्वरूप आणि शेवटी कार्यप्रणालीची मांडणी. टिफ्रॅकच्या दहा किलोबाइटांपासून आपण फार दूर आलो. पण साठवलेले वेळेवर हाती आले तरच ते आपले, हा नियम बदललेला नाही.